पाठीवर दोन टाक्या कशाला?

मुलांनो, या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात आठवीतल्या एका मुलीचं चार पानी पत्र निघालं. पत्र वाचलं आणि बाकीचे विषय बाजूला ठेवले. ती लिहिते :

"बाई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला स्कूबा डायव्हिंग केलं. तिथल्या दादांनी मला एकच टाकी लावली होती. माझा आतेभाऊ स्कॉटलंडमध्ये शिकायला आहे. तिथल्या पाणबुड्यांच्या क्लबात तो तीन वर्षं जातोय. आता त्याला दोन टाक्यांचा संच घ्यायचाय. क्लबातलं कुणीतरी आपला जुना संच स्वस्तात देतंय. पंधरा-पंधरा लिटरच्या दोन पोलादी टाक्या आणि चाळीस किलो उचलणारी विंग. आत्या म्हणते, बर्फासारख्या पाण्यात एवढं ओझं घेऊन बुडशील! दादा म्हणतो, दोन टाक्या म्हणजे दुप्पट सुरक्षित, मोठी विंग म्हणजे त्याहून सुरक्षित. दोघांत रोज फोनवर भांडण. खरं कोणाचं?"

खरं सांगू? आत्याचं थोडं बरोबर, दादाचं थोडं बरोबर. पण दादा घेतोय तो संच मात्र मला काही पटलेला नाही. का, ते आज बघू. वही-पेन्सिल जवळ ठेवा, गणितं आहेत. आणि एक प्रयोगही आहे, त्याला आईकडून कणकेचा एवढासा गोळा मागून आणा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'पाणबुड्याच्या पाठीवर ऑक्सिजनची टाकी असते,' असं आपण अगदी सर्रास म्हणतो. पण या साध्या बुडीच्या टाकीत असते ती तुमच्या-माझ्या आजूबाजूची साधी, गाळलेली, कोरडी हवा. फक्त ठासून भरलेली! आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १ बार धरतात. मोटारीच्या चाकात हवा भरतात ती दोन-सव्वादोन बारला. आणि पाणबुड्याच्या पोलादी टाकीत? २३२ बार! म्हणजे १२ लिटरच्या टाकीत १२ गुणिले २३२, दोन हजार सातशे चौऱ्याऐंशी लिटर हवा मावते. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता दादा जाणार कुठे, तर स्काप्पा फ्लोला. स्कॉटलंडच्याही उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत, त्यांच्या कुशीतला हा समुद्र. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मनीच्या ७४ युद्धनौका तिथे नेऊन अडकवून ठेवल्या होत्या. २१ जून १९१९ या दिवशी जर्मन अधिकारी फोन रॉयटर यांनी हुकूम सोडला, आणि जर्मन खलाशांनी आपल्याच जहाजांचे झडपे उघडून ती बुडवायला सुरुवात केली. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. ५२ जहाजं त्या दिवशी तळाला गेली. आणि गंमत म्हणजे, नेमकी त्याच दिवशी स्ट्रॉमनेस गावच्या शाळेची सहल बोटीतून ती जहाजं बघायला निघाली होती! तुमच्याएवढ्या पोरांच्या डोळ्यांसमोर एवढाल्या युद्धनौका कलंडत गेल्या. सहलीवर निबंध लिहायला सांगितला असेल तर त्या बाईंची काय अवस्था झाली असेल, असं मला नेहमी वाटतं.

त्यातली बरीच जहाजं नंतर वर काढून भंगारात गेली. पण तीन मोठ्या युद्धनौका आणि चार लहान क्रूझर अजून तिथेच आहेत. त्या बघायला जगभरचे पाणबुडे येतात. खोली पंचवीस मीटरपासून थेट पंचेचाळीसपर्यंत. आणि पाणी कसं, तर वसंतात सहा-आठ अंश, भर उन्हाळ्यात तेरा-चौदा. मालवणच्या पाण्यात तुम्ही टीशर्टवर उतरता. या पाण्यात उघडा हात घातलात तर दहा मिनिटांत बोटं शर्टाचं बटण लावायची नाहीत.

दोन टाक्यांची गोष्ट या थंडीपासूनच सुरू होते.

सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना व्हॉल्व्हवर बोट धरलंय कधी? गार लागतं ना? दाबलेली हवा एकदम मोकळी झाली की थंड पडते. पाणबुड्याच्या तोंडाशी टाकीतली हवा थेट येत नाही. २३२ बारची हवा तोंडात आली तर काय होईल, कल्पनाच नको! मध्ये रेग्युलेटर नावाचं यंत्र असतं. ते हवेचा दाब दोन पायऱ्यांत उतरवतं आणि आपण श्वास ओढू तेवढीच हवा सोडतं. मात्र या उतरण्यात ती हवा इतकी थंड होते, की भोवतालचं पाणी आधीच पाच-सहा अंशांवर असेल तर रेग्युलेटरवर चक्क बर्फ धरतो. बर्फ झडपेत अडकला की झडप उघडी ती उघडीच. नळाची चकती गेल्यावर नळ कसा बंदच होत नाही, तसं. भसाभसा हवा सुटते. तीस मीटर खोल एकच टाकी असेल, तर ती दोन-चार मिनिटांत रिकामी.

थंड पाण्यासाठी खास रेग्युलेटर मिळतात. युरोपात दहा अंशांखालच्या पाण्याला 'थंड पाणी' म्हणतात आणि त्यासाठी रेग्युलेटरची वेगळी परीक्षा घेतात. पण परीक्षेत पास झालेलं यंत्रही कधीतरी दगा देणारच. मग?

मग गच्चीवरच्या टाक्या आठवा. शेजारी शेजारी दोन टाक्या, दोन्हींना जोडणारी एक आडवी नळी, नळीच्या मधोमध एक कॉक. डाव्या टाकीखाली एक नळ, उजव्या टाकीखाली एक नळ. पाणबुड्याच्या पाठीवर हुबेहूब असंच असतं. त्या आडव्या नळीला मॅनिफोल्ड म्हणतात. डाव्या टोकाला एक रेग्युलेटर, उजव्या टोकाला दुसरा, आणि तीन मुठी : डावी, उजवी, मधली.

आता सांगा बघू, उजवा रेग्युलेटर गोठला आणि पाणबुड्यानं उजवी मूठ बंद केली, तर उजव्या टाकीतली हवा गेली का वाया? वर्गात विचारलं तर निम्मे हात 'वाया गेली' म्हणून वर येतील. नाही गेली! बंद झाला तो फक्त उजवा नळ. टाकी आडव्या नळीनं जोडलेलीच आहे. उजव्या टाकीतली हवा त्या नळीतून डावीकडे येते आणि डाव्या रेग्युलेटरमधून पाणबुड्या दोन्ही टाक्यांची हवा घेत सावकाश वर येऊ शकतो. मग मधला कॉक कशाला? टाकीच्या मानेशी नाहीतर नळीच्याच जोडाला गळती लागली, तर. तेव्हा मधला बंद करायचा म्हणजे निम्मी हवा तरी वाचते.

वा, म्हणजे प्रश्न सुटला! थांबा. त्या मुठी आहेत कुठे? मानेच्या मागे. आता जाडजूड स्वेटर घाला, वर रेनकोट घाला, हातात जाड मोजे चढवा आणि मानेमागे हात नेऊन एक काल्पनिक नळ बंद करा. कसं वाटतंय? दंड कानाला टेकतो आणि बोटं हवेत वळवळतात. टाकी एखादा इंच खाली बसली असेल तर मुठीपर्यंत हात पोचत नाही. फार वर असेल तर डोकं मागे नळीवर आपटतं आणि मान वर करून समोरचं बघताच येत नाही. आणि ज्याचा हात पोचत नाही, त्याच्या दोन टाक्या म्हणजे नुसतं दुप्पट ओझं. म्हणून संच घेताना पहिली परीक्षा हीच, टाकीचे लिटर नव्हेत, रंग तर नव्हेच : पूर्ण पोशाख घालून तिन्ही मुठी स्वतःच्या हातानं, न बघता, बंद आणि उघड्या करता येतात का?

इथे उंची आडवी येते. १२ लिटरची पोलादी टाकी दोन अंगलटींची मिळते. एक उंच-सडपातळ, दुसरी बुटकी-गुबगुबीत. ब्रिटनमध्ये तिला 'डंपी' म्हणतात. हवा तेवढीच! पण बुटक्या माणसाच्या पाठीवर उंच टाकी म्हणजे पहिलीतल्या पोराच्या पाठीवर दहावीतल्या ताईचं दप्तर. वर डोक्याला लागतं, खाली ढुंगणाला. पत्रात पुढे लिहिलंय, की दादाची उंची पाच फूट चार इंच आणि संच देणारा गृहस्थ सहा फुटांच्या वर. हे वाचलं तेव्हाच माझी पेन्सिल थांबली.

आता हवेचं गणित. हे फार मजेदार आहे.

पाण्यात दर दहा मीटरला दाब १ बारनं वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, तीस मीटरवर ४. तिथे छाती भरायला चौपट हवा लागते. शांतपणे पोहणारा माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल, तर तीस मीटरवर ८० लिटर.

पण सगळी हवा तळाशी संपवायची नसते. समजा, शेवटच्या क्षणी जोडीदाराची हवा गेली. आता एकाच्या टाकीवर दोघांनी वर यायचं. घाबरलेत, म्हणून प्रत्येकी २० ऐवजी ३० धरू. दोघांचे ६०. तळाशी गडबड निस्तरायला २ मिनिटं : ६० गुणिले ४ बार गुणिले २ मिनिटं, ४८० लिटर. तिसांवरून वर यायला ४ मिनिटं, वाटेतला सरासरी दाब अडीच बार : ६०० लिटर. पाच मीटरवर ३ मिनिटं थांबा घ्यायचा, तिथे दाब दीड बार : २७० लिटर. बेरीज करा. १३५० लिटर. ही हवा म्हणजे घरातली तांदळाच्या डब्यातली नोट. तिला हात लावायचा नाही.

एका १२ लिटरच्या टाकीत १३५० लिटर म्हणजे जवळजवळ ११३ बार. निम्मी टाकी राखीव! उरले ११९ बार, म्हणजे १४२८ लिटर. भागिले ८०. जेमतेम १८ मिनिटं.

दोन टाक्यांत राखीव तेवढेच १३५० लिटर, कारण माणसं दोनच. दोन टाक्यांत मिळून ते ५६ बार झाले. उरले १७६ बार गुणिले २४ लिटर, ४२२४ लिटर. भागिले ८०. जवळजवळ ५३ मिनिटं!

टाक्या दुप्पट, वेळ मात्र तिपटीच्या जवळ. पुन्हा करून बघा, हवं तर बाबांना करायला लावा.

पण दादा, हुरळून जाऊ नकोस. तीस मीटरवर साध्या हवेवर वीसेक मिनिटांहून जास्त राहिलं, तर रक्तात इतका नायट्रोजन मुरतो, की वर येताना वाटेत बराच वेळ थांबत थांबतच यावं लागतं. न थांबता वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होतात आणि माणूस लुळासुद्धा पडू शकतो. म्हणजे ५३ मिनिटांची हवा आहे म्हणून ५३ मिनिटं राहायचं नसतं. दुसरी टाकी मुख्यतः न वापरण्यासाठी असते. हे आत्याला सांगितलं तर तिला बरं वाटेल. दादाला सांगितलं तर तोंड वाकडं करेल.

मग १५ लिटरच्या का नकोत, आणखी हवा मिळेल की! मिळेल. पण १२ लिटरची पोलादी जोडी हवा भरून, पट्ट्या-मॅनिफोल्ड-रेग्युलेटरसकट चाळीसेक किलो होते. घरातला भरलेला गॅसचा सिलिंडर तीसेक किलोंचा असतो, त्यावरून अंदाज करा. १५ लिटरची जोडी पन्नाशीच्या घरात जाते. हलत्या बोटीत, ओल्या फळीवरून, हे पाठीवर घेऊन चालायचं आणि उडी मारायची. पाण्यात हलकं वाटेल हो, पण पाण्यापर्यंत जायचं कोणी? तीस मीटरच्या बुडीला १२ची जोडी भरपूर. कमी खोलीला १०ची चालते. मोठी टाकी घेणं हे पोराला 'वाढत्या अंगाचा' शर्ट घेण्यासारखं आहे, फक्त इथे अंग वाढणार नसतं.

आता विंग. पाठीवर धातूची एक पाटी असते, तिला पट्टे जोडलेले असतात. पाटी आणि टाक्या यांच्या मध्ये एक हवेची पिशवी बसते, दोन्ही बाजूंना पंखांसारखी उघडते, ती विंग. ती कशाला, हे कळायला गावच्या विहिरीवर चला. मी पोहायला शिकले ती पाठीला वाळका भोपळा बांधून. आमच्या आळीतली काही पोरं हवाबंद डबा बांधायची. भोपळा आपल्याला वर धरतो, कारण तो जेवढं पाणी बाजूला सारतो त्या पाण्याचं वजन त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त असतं. हा आर्किमिडीजचा नियम. विंग म्हणजे असाच भोपळा, पण हवा तसा फुगवता आणि रिकामा करता येणारा.

पण विहिरीतला भोपळा इमानी होता. खोल गेलं तरी तेवढाच. विंगेतली हवा तशी नाही. चला, कणकेचा गोळा घ्या.

एक पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ पाण्यानं भरा. पेनचं एक टोपण घ्या, त्याच्या वरच्या टोकाला भोक नको. टोपणाच्या दांडीला थोडी कणीक चिकटवा, इतकीच की उघडं तोंड खाली राहून ते कसंबसं तरंगेल, शेंडा तेवढा पाण्याबाहेर. हे जमायला पाच-सहा वेळा कणीक कमीजास्त करावी लागेल, वैतागू नका. आता ते बाटलीत सोडा, झाकण घट्ट लावा आणि बाटली दोन्ही हातांनी दाबा.

टोपण बुडालं! सोडा. वर आलं!

दाबलं की टोपणातली हवा आकसते, थोडं पाणी आत शिरतं, बाजूला सारलेलं पाणी कमी होतं, आणि ते बुडतं. पाणबुड्या खाली जातो तेव्हा समुद्रच बाटलीसारखा त्याला दाबतो. त्याच्या कपड्यातली, विंगेतली हवा आकसते. तो जड होतो, म्हणून आणखी खाली जातो, म्हणून आणखी जड. वर येताना उलट. तीस मीटरवरची विंगेतली ५ लिटर हवा वर येईपर्यंत २० लिटर होऊ बघते. वेळेवर सोडली नाही तर माणूस बुचासारखा वर उसळतो, आणि आत्ताच आपण सोड्याच्या बाटलीचं बोललो.

मग विंग केवढी हवी? हवेलाही वजन असतं, हे आपण विसरतो. १ लिटर हवा सव्वा ग्रॅमच्या आसपास. दोन टाक्यांतल्या साडेपाच हजार लिटर हवेचं वजन साधारण साडेसहा-सात किलो. पाणबुड्या आपलं शिशाचं वजन बुडीच्या शेवटाला जुळवतो. टाक्या जवळजवळ रिकाम्या असताना पाच मीटरवर वर-खाली न होता थांबता आलं पाहिजे, असं. म्हणजे बुडीच्या सुरुवातीला तो बरोबर तेवढे सात किलो जादा जड असणार. ते विंगेनं उचलायचे. शिवाय पोशाख फाटून पाणी शिरलं तर दहा-एक किलो उचल जाईल असं धरू. झाले सतरा. थोडं वर धरून वीस. संच अंगातून काढून पाण्यावर तरंगत ठेवायलाही एवढी पुरते. दोन टाक्यांसाठी साधारण अठरा ते सत्तावीस किलोंच्या विंगा मिळतात, त्या याच हिशेबानं.

चाळीस किलोंची विंग घेतली तर? मोठ्या उशीच्या अभ्र्यात थोडासा कापूस घालून बघा. कापूस कधी या कोपऱ्यात, कधी त्या. विंगेतली थोडी हवाही तशीच पळते. पाणबुड्या एका बाजूला कलंडतो. रिकामं कापड टाक्यांना वेढून दुमडतं आणि त्या दुमडीत हवा लपून बसते. सोडायला दोरी ओढावी, तर झडपेपर्यंत हवा येतच नाही. आणि हवा भरायचं बटण थंडीनं उघडं अडकलं, तर मोठी पिशवी जास्त हवा गिळते आणि जास्त जोरात वर खेचते. दादाचं 'मोठी म्हणजे त्याहून सुरक्षित' इथे पार उलटं होतं. उलट चूकही असते बरं का : एका टाकीसाठीची अरुंद विंग दोन टाक्यांखाली दबून नीट फुगतच नाही.

टाक्या पोलादी की ॲल्युमिनियमच्या? ॲल्युमिनियमची नेहमीची ११ लिटरची टाकी भरलेली असताना किंचित बुडते, पण रिकामी झाली की पावणेदोन-दोन किलोंनी वर ओढते. जोडीचे झाले साडेतीन-चार. नुसत्या टाक्या खाली धरायला तेवढं शिसं कमरेला जास्त. थंड पाण्यात माणूस ड्रायसूट घालतो, म्हणजे आत लोकरी कपडे आणि कोरडी हवा. तो फुग्यासारखा असतोच, त्याला मुळातच शिसं फार लागतं. तिथे पोलादी टाकीचं वजन शिशाचं काम करतं. म्हणून थंड पाण्यात पोलाद बरं.

पण ड्रायसूट असेल तरच! वेटसूट म्हणजे बुडबुड्यांनी भरलेलं रबर. खोलवर ते आपल्या टोपणासारखं आकसतं आणि त्याची उचल जाते. वर दोन जड पोलादी टाक्या. अशा वेळी विंग फाटली तर? टाक्या टाकून देता येत नाहीत, त्यांतच श्वास आहे. पाय मारून एवढं वजन वर नेणं बहुतेकांना जमत नाही. आत्याची भीती खरी होते ती इथे. ड्रायसूटमध्ये हवा भरता येते, म्हणजे विंग गेली तरी दुसरा भोपळा पाठीशी आहे. वेटसूटवर दोन टाक्या हव्याच असतील तर ॲल्युमिनियमच्या घ्याव्यात, आणि वेळ आली तर सोडून देता येईल असं शिसं कमरेला.

एक बारीक गोष्ट सांगायची राहिली, मला ती फार आवडते. विंगेत हवा भरणारी नळी उजव्या मुठीवरून घेतात आणि ड्रायसूटची डाव्या मुठीवरून. का? उजवा रेग्युलेटर गोठला आणि मूठ बंद करावी लागली, तर विंगेची हवाही बंद होणार. पण ड्रायसूटची चालू! दोन्ही नळ्या एकाच मुठीवर लावल्या, तर एका बर्फाच्या कणानं दोन्ही भोपळे गेले. दुकानात कुणी हे सांगायला विसरलं तर दादानं स्वतः बघून घ्यावं.

तर दादाला लिहिलंय ते इथेच देते. स्वस्तातला संच नाकार. १२ लिटरची पोलादी जोडी, तीही डंपी, कुणाकडून तरी एका दिवसापुरती मागून घे. पूर्ण पोशाखात, आधी जमिनीवर आणि मग पोहण्याच्या तलावात, शिकवणाऱ्या सरांसमोर तिन्ही मुठी फिरवून बघ. विंग वीस किलोंच्या आसपासची, दोन टाक्यांसाठीचीच. जुन्या टाक्या घेतल्यास तर त्यांवर तपासणीचा शिक्का शोध. ब्रिटनमध्ये दर अडीच वर्षांनी टाकी आतून बघतात आणि दर पाच वर्षांनी पाण्याचा दाब देऊन. शिक्का जुना असेल तर तपासणीचा खर्च किमतीत धर, मग 'स्वस्त' किती स्वस्त ते कळेल. हात मुठीपर्यंत पोचला नाही तर या वर्षी स्काप्पा फ्लोला जाऊ नकोस. ती जहाजं १९१९पासून तिथेच आहेत.

पालकहो, मुलं आता 'मलाही' म्हणतील, म्हणून सांगते : दोन टाक्यांचं शिक्षण बहुतेक संस्था लहान मुलांना देत नाहीत. तोवर बाटली आणि टोपण.

या वेळचं गणित : दोन पाणबुडे वीस मीटरवर आहेत. प्रत्येकाजवळ १० लिटरच्या दोन टाक्या, २३२ बार. शांतपणे मिनिटाला २० लिटर, घाबरल्यावर ३०. तळाशी २ मिनिटं, वर यायला ३ मिनिटं, पाच मीटरवर ३ मिनिटं थांबा. राखीव हवा किती लिटर, आणि तळाशी राहायला मिनिटं किती मिळतील? उत्तर रीतीसकट पाठवा. नुसता आकडा पाठवलात तर गुण नाहीत!